रजिस्टरातली १ जून : मराठवाड्यातल्या बाल न्याय मंडळांना खुले पत्र

मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांच्या बाल न्याय मंडळांचे सन्माननीय दंडाधिकारी व सदस्य यांस,

स.न.वि.वि.

माझी जन्मतारीख १ जून. माझ्या थोरल्या भावाची १ जून, मेव्हण्याची १ जून, आणि ज्यांच्या हाताखाली मी नोकरीची पहिली वर्षं काढली त्या हेडगुरुजींचीही १ जूनच. आपल्याकडं ३१ मेला सरकारी कचेऱ्यांत निरोपसमारंभांची अशी झुंबड उडते की शाली-नारळ कमी पडावेत. आपण यावर हसतो. मीही पुष्कळ हसलो आहे. आपल्यापैकी एखाद-दुसरे १ जूनचे असतीलच.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेचा निवृत्त मुख्याध्यापक. बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात चौतीस वर्षं शिकवलं. माझ्या हातानं लिहिलेली अशीच एक १ जून दोन-तीन वर्षांपूर्वी एका मंडळापुढे गेली. तिच्या जोरावर एक पोरगा सोळाच्या वरचा ठरला आणि आता त्याच्यावर मोठ्या माणसासारखा खटला चालू आहे. गुन्हा खुनाचा आहे. मंडळ कोणतं, गाव कोणतं, हे लिहीत नाही. कायद्याचं कलम ७४ मुलाची ओळख उघड करू देत नाही, आणि ते कलम मला पटतं. तपशीलही ओळख लागू नये इतपत इकडंतिकडं केले आहेत. तारखांमधलं अंतर मात्र जसंच्या तसं ठेवलं आहे, कारण सगळं त्या अंतरातच आहे.

आधी ही तारीख येते कुठून ते सांगतो. जूनमध्ये शाळा उघडते. पहिलीत घ्यायचं तर सहा वर्षं पुरी भरायला हवीत. आई-बापाला तारीख ठाऊक नसते. कुणी सांगतं, पोळ्याच्या वक्ताला झालं. कुणी सांगतं, त्या साली तूर लई आलती. मग मास्तर हिशोब जुळवून १ जून टाकतो. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारू नका, असं शिक्षणहक्काचा कायदाही सांगतो, आणि ते बरोबरच आहे. पण रजिस्टरात तारखेचा रकाना कोरा ठेवता येत नाही.

या पोराची आई २०१३ च्या जूनमध्ये त्याचा हात धरून आली. मोठी लेक आधीच आमच्या शाळेत होती. मी विचारलं, केवढा आहे?

“आसंल की पाच-सहाचा. कारखान्यावर झाला, गुर्जी. कोपीत. थंडी लई व्हती, संकरात यायची व्हती.”

ऊसतोडीला गेलेली बाई परमुलखात, उसाच्या फडाजवळच्या कोपीत बाळंत झाली. ना तिथल्या ग्रामसेवकानं नोंद केली, ना आमच्या. संक्रांतीच्या आधी म्हणजे जानेवारी २००८ चा पहिला पंधरवडा. पोरगा साडेपाच वर्षांचाही नव्हता, हे मला तेव्हाच कळलं होतं. पण २०११ च्या पटपडताळणीनंतर आमच्या डोक्यावर पटाची तलवार होती. दोन मुलं कमी पडली की दुसरा शिक्षक गेला. शिवाय दसऱ्याला आई-बाप तोडीला जायचे, तोवर पोराला खिचडी तरी मिळेल, असाही विचार होता. मी १ जून २००७ लिहिलं. ‘तारखेचा आधार’ विचारला असता तर ‘पालकाच्या सांगण्यावरून’ म्हणालो असतो, आणि तेही खोटंच झालं असतं, कारण आईनं तसं सांगितलंच नव्हतं. सात महिने मी त्याला पदरचे दिले. उपकार केल्यासारखं वाटलं होतं त्या दिवशी.

ते सात महिने ऑक्टोबर २०२३ मध्ये वसूल झाले.

नवरात्राची मिरवणूक होती. आधी मोबाईलवरच्या एका स्टेटसवरून कुरबूर झालेली. पाचजण चालून गेले, त्यातले तिघे सज्ञान. वार कुणाचे किती, हे न्यायालय ठरवील. मारला गेला तो एकोणीस वर्षांचा होता, आणि तोही माझाच विद्यार्थी. पहिल्या बाकावर बसायचा, गणितात कच्चा, आवाज खणखणीत, प्रार्थना त्यानंच म्हणायची असं ठरलेलं. ही गोष्ट मी शेवटाला लपवून ठेवली असती तर आपल्याला वाटलं असतं की हा मास्तर एकाच पोराचा कैवार घेऊन आलाय. मी दोन्ही घरांत जातो. एका घरात चहा मिळतो, दुसऱ्या घरात पाणीही विचारत नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

तर हिशोब असा. रजिस्टरप्रमाणं त्या रात्री आरोपी पोराचं वय सोळा वर्षं साडेचार महिने. आईच्या सांगण्याप्रमाणं पंधरा वर्षं नऊ महिने. आपल्याला सांगायला नको, पण वाचणाऱ्या इतरांसाठी लिहितो : २०१५ च्या बाल न्याय कायद्यात सोळाच्या आतल्या मुलानं काहीही केलं तरी त्याची चौकशी मंडळापुढेच होते, आणि जास्तीत जास्त तीन वर्षं त्याला विशेष गृहात ठेवता येतं. सोळा ते अठरामधला असेल आणि गुन्हा किमान सात वर्षं शिक्षेचा, म्हणजे कायद्याच्या भाषेत ‘निर्घृण’ असेल, तर कलम १५ लागतं. मंडळ प्राथमिक मूल्यांकन करतं आणि वाटलं तर त्याला बालक न्यायालयाकडे पाठवतं. तिथं तो प्रौढ म्हणून उभा राहू शकतो. दोषी ठरला तर एकविसाव्या वर्षापर्यंत सुरक्षागृह, आणि तेव्हा सुधारला आहे असं न्यायालयाला वाटलं नाही तर तिथून तुरुंग. फाशी नाही, सुटकेची आशाच नसलेली जन्मठेप नाही, पण त्याखालचं सगळं आहे.

मी तेव्हा निवृत्त झालो होतो. शाळेनं प्रवेश-निर्गम उतारा दिला. मला कळलं तसा मी आपणहून गेलो. दोन मिनिटं बोलू दिलं.

“रजिस्टरात अक्षर तुमचं आहे ना?”

“हो.”

“सही तुमची?”

“हो.”

“मग?”

त्या ‘मग’वर मला उत्तर सुचलं नाही. बाहेर लिंबाखाली बसल्यावर सुचलं, पण तिथं ऐकायला कुणी नव्हतं.

पुष्कळ दिवसांनी एका तरुण वकिलानं मला सांगितलं की त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालच्या) खटल्यात म्हटलं होतं, शाळा सोडल्याचा दाखला किंवा प्रवेश रजिस्टरचा उतारा म्हणजे वय ठरवण्याच्या कलम ९४ ला अपेक्षित असलेला जन्मतारखेचा दाखला नव्हे. तसा दाखला नसेल तर ग्रामपंचायतीची किंवा नगरपालिकेची जन्मनोंद, आणि तीही नसेल तर वैद्यकीय तपासणी. म्हणजे माझ्या त्या एका ओळीवर भिस्त ठेवायचं कारणच नव्हतं. पण हे त्या पोराच्या बाजूनं सांगणार कोण? त्याला मिळालेला वकील मोफत होता आणि घाईत होता. हाडांच्या तपासणीत दोन-दोन वर्षांचा फरक पडू शकतो हे मलाही ठाऊक आहे. पण तो फरक निदान डॉक्टर कबूल करतो. माझी १ जून कधीच काही कबूल करत नाही, ठसठशीत अक्षरात उभी असते.

आता मूल्यांकनाकडे येतो. कायद्यानं तुम्हांला तीन-चार गोष्टी बघायला सांगितल्यात : गुन्हा करण्याची मानसिक आणि शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची ताकद, आणि ज्या परिस्थितीत गुन्हा घडल्याचं सांगितलं जातं ती परिस्थिती.

शारीरिक क्षमता! महाराज, आमच्या डोंगरपट्ट्यात बारा वर्षांचं पोरगं मोळी बांधतं, चौदाव्या वर्षी बापाच्या बरोबरीनं कोयता चालवतं, पंधराव्या वर्षी भरल्या टायरगाडीवर मोळ्या फेकतं. हा पोरगा तर पोलीस भरतीसाठी पहाटे सोळाशे मीटर पळत होता. अंगात ताकद आहे का, असं विचाराल तर आहे. ऊसतोड्याचं कुठलं पोरगं या परीक्षेत नापास होईल? शहरातल्या मऊ हातांच्या मुलाला या रकान्यात कदाचित सूट मिळेल. आमच्या पोराला राबवून राबवून मोठं केलं, त्याचीच आता त्याच्याविरुद्ध नोंद होते.

परिणामांची समज. मानसतज्ज्ञापुढे त्याची एकच बैठक झाली. त्याला विचारलं, खून केला तर काय होतं? तो म्हणाला, जेल होते. झालं, समज आहे. मी चौतीस वर्षं फळ्यापुढं उभा राहिलो, मला एवढंच ठाऊक आहे की उत्तर येणं आणि समजणं यांच्यामध्ये कधीकधी तीन इयत्तांचं अंतर असतं. ‘पृथ्वी सूर्याभोवती फिरते’ हे चौथीतलं प्रत्येक पोरगं घडाघडा म्हणतं. त्याच पोराला संध्याकाळी माळावर उभं करून विचारा, सूर्य कुठं गेला? तो डोंगराकडं बोट दाखवतो. चार मित्र बघत असताना, डीजेच्या आवाजात, ज्याला आपण मानतो तो ‘हो पुढं’ म्हणत असताना काय कळत होतं, हे खोलीत खुर्चीवर बसून तासाभरात कसं कळावं? सर्वोच्च न्यायालयानंही जुलै २०२२ मध्ये हरियाणातल्या एका प्रकरणात सांगितलंय की मंडळावर बालमानसशास्त्राची किंवा मनोविकारशास्त्राची पदवी असलेला व्यवसायी नसेल तर अनुभवी मानसतज्ज्ञाची मदत घ्यावीच लागेल, आणि हे काम वरवरचं नाही. वेळ कमी पडतो, ही सबबही आता उरलेली नाही. कायद्यातली तीन महिन्यांची मुदत सक्तीची नाही, असं २०२४ मध्ये न्यायालयानंच म्हटलं आहे.

परिस्थितीचा रकाना तर रिकामाच होता म्हणा. सामाजिक तपासणी अहवालासाठी परिविक्षा अधिकाऱ्यांनी पोलीस पाटलाला फोन केला. ते आले नाहीत याचा राग नाही. एका माणसाच्या गळ्यात किती तालुके असतात ते मी पाहिलंय. पण ते आले असते तर काय दिसलं असतं ते सांगतो.

घराला कुलूप दिसलं असतं. उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ पैसे, आधीच घेतलेली, मुकादम दारात बसलेला, त्यामुळं पोरगा निरीक्षणगृहात असतानाच आई-बाप कर्नाटकात तोडीला गेले. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकानं मागं राहायचं तर उचल फिटत नाही. मूल्यांकनाचा आदेश झाला तेव्हा बाप फडात होता. सत्र न्यायालयात अपिलाला तीस दिवस. आदेश इंग्रजीत. बापाला तो गाळप संपल्यावर, गावी आल्यावर मिळाला.

पोराचे सहा हिवाळे आजीजवळ गेलेले दिसले असते. बहीण होती तोवर भाकरी वेळेवर होती. तिचं सोळाव्या वर्षी लग्न लावलं. आणि मग चौकातला बॅनर दिसला असता. वाढदिवसाचा. मधोमध गॉगल लावलेला सव्वीस वर्षांचा ‘भाई’, खाली शुभेच्छुकांच्या रांगेत नखाएवढ्या फोटोत हा. त्या भाईनं याला जुना मोबाईल दिला, गाडीवर फिरवलं, तलवारीनं केक कापताना शेजारी उभं केलं. ज्या पोराचं नाव शाळेच्या हजेरीपलीकडं कुठंच छापून आलं नव्हतं, त्याचा फोटो बॅनरवर आला. मी त्या बॅनरखालून रोज जायचो. एकदाही थांबून त्याला हाक मारली नाही, हे लिहून ठेवतो.

“तू हो म्होरं. तू बारका हायेस, तुला काय व्हत न्हाई.” हे वाक्य त्यानं मला निरीक्षणगृहाच्या भेटीत सांगितलं. आता गंमत बघा. पोरांना काही होत नाही म्हणून मोठे त्यांना पुढं घालतात, हीच तर २०१५ च्या कायद्याच्या बाजूनं सगळ्यात मोठ्यानं केली जाणारी तक्रार. मग त्याच कायद्याचं कलम ८३ कुठं जातं? मुलांना बेकायदा कामाला वापरणाऱ्या सज्ञान माणसाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड आहे त्यात. या प्रकरणातल्या भाईवर खुनाचं कलम आहे, कलम ८३ नाही. पोलिसांना सुचलं नाही, आणि मंडळानंही विचारलं नाही की हा पोरगा तिथं आला कुणाच्या गाडीवर.

हा कायदा कशातून आला ते सगळ्यांना आठवतं. डिसेंबर २०१२, दिल्लीतलं निर्भया प्रकरण. सहा आरोपींपैकी एक अठराला काही महिने कमी. त्या रागात मीही होतो. शाळेत मेणबत्त्या लावल्या होत्या आम्ही. न्यायमूर्ती वर्मा समितीनं जानेवारी २०१३ मध्ये वय खाली आणू नका असं सांगितलं, आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानंही वय बदलायला नकार दिला. तरी २०१५ च्या डिसेंबरात, तो मुलगा सुटला त्याच आठवड्यात, राज्यसभेनं कायदा पास केला. दिल्लीतल्या एकासाठी विणलेलं जाळं. आमच्याकडं त्यात कोण सापडतं? सतरा वर्षांचा पोरगा सोळा वर्षांच्या पोरीला घेऊन पळाला की पोक्सो, किमान दहा वर्षं, म्हणजे निर्घृण गुन्हा. पोरगी गरोदर राहिली तर किमान वीस. आणि हे कुठं? जिथं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत परभणीत ४८ टक्के आणि बीडमध्ये सुमारे ४४ टक्के तरुण बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं, तिथं. आई-बापांनी लावलं तर मांडव, पोरांनी ठरवलं तर कलम १५.

पुण्याचं मे २०२४ चं प्रकरण आपण सगळ्यांनी वाचलं. महागड्या गाडीखाली दोघं तरुण गेले, आणि जामीन देताना घातलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर देशभर ओरड झाली. त्या मुलाला प्रौढ ठरवा हा पोलिसांचा अर्ज जुलै २०२५ मध्ये फेटाळला गेला. सदोष मनुष्यवधाच्या त्या कलमाला किमान सात वर्षांची अट नाही, तेव्हा कायद्याच्या अक्षरात ते बसतं. मला त्या मुलाला तुरुंगात बघायचं नाही. मला फक्त एवढंच दिसतं की तिथं कायद्याचं प्रत्येक अक्षर वाचलं गेलं. आमच्या पोराच्या वेळी कलम ९४ सुद्धा पुरतं वाचलं गेलं नाही.

रजिस्टर काय करू शकतं याचा दुसरा एक दाखला देतो. १९९४ साली पुण्यात घडलेल्या खुनांसाठी एकाला फाशीची शिक्षा झाली होती. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं की गुन्ह्याच्या वेळी तो बारा वर्षं सहा महिन्यांचा होता. अठ्ठावीस वर्षं तो आत होता. कशावरून कळलं? राजस्थानातल्या त्याच्या गावच्या शाळेच्या रजिस्टरावरून. नाशिकच्या २००३ च्या खुनांत तर भटक्या जमातीतल्या सहाजणांना २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फाशी सुनावली. त्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता हे २०१२ मध्ये निघालं, आणि २०१९ मध्ये सहाहीजण निर्दोष सुटले. गरिबाचं वय आपल्याकडं असं फार उशिरा सापडतं.

आता त्या दुसऱ्या घराबद्दल. गेलेल्या पोराची आई मला म्हणाली, “मव्ह्या लेकराला त्यायनी वय इचारलं व्हतं का, गुर्जी?” याला माझ्याकडं उत्तर नाही. आपल्याकडंही नसावं. तिला उत्तर द्यायचं म्हणून दुसऱ्याच्या पोराच्या वयात सात महिने घालावेत, एवढं मात्र मला पटत नाही. आणि तिनं तसं मागितलंही नव्हतं. तिनं मागितलं होतं की बॅनरवरचा तो मधला जामिनावर गावात फिरू नये. तो फिरतोय.

म्हणून आपल्याकडं मागणं आहे. पुढ्यात १ जून आली की थबका. नोंद कोणत्या आधारावर झाली ते विचारा, लिहिणारा मास्तर जिवंत असेल तर बोलवा, आणि ‘अक्षर तुमचंच ना’ याच्या पुढचा प्रश्न त्याला विचारा. आईला विचारा, पण तारीख नका विचारू. थंडी होती का, गाळप चालू होतं का, असं विचारा. ती बरोबर सांगते. शंका उरली तर ती मुलाच्या बाजूनं झुकू द्या. मूल्यांकन हंगामात आलं तर आई-बाप परत येईपर्यंत थांबा, आदेश मराठीत द्या, आणि अहवाल घेणाऱ्याला गावात पाठवा, चौकातले बॅनर वाचायला. सोडून द्या असं मी म्हणत नाही. तीन वर्षं विशेष गृहात ठेवून त्याला काय शिकवता ते मन लावून करा, एवढंच. प्रौढ म्हणून दोषी ठरलेल्याची नोंद पुसली जात नाही. भरतीसाठी पळणाऱ्या पोराला त्या नोंदीचा अर्थ काय, ते चारित्र्य पडताळणीच्या रांगेत उभं राहिल्यावरच कळतं.

निवृत्तीच्या आधी मी २०१३ च्या त्या पानाची झेरॉक्स काढून ठेवली होती, का कोण जाणे. परवा मोजली. पहिलीच्या त्या वर्गात सव्वीस मुलं. सतराजणांसमोर १ जून. त्यातली कोणती खरी, कोणती मी ठरवलेली, हे मला अजून बऱ्यापैकी आठवतं, पण वय झालं, फार दिवस आठवेल असं नाही. त्यातलं कुणी उद्या आपल्यापुढं आलं तर निरोप पाठवा. आमच्या गावाहून पहाटे सहाची एसटी आहे, अकरापर्यंत जिल्ह्याला पोचतो. भत्ता नको, फक्त दोन मिनिटांपेक्षा जरा जास्त वेळ द्या.

आपला नम्र,
एक निवृत्त मुख्याध्यापक
(जन्मतारीख, कागदोपत्री, १ जून)